सात कोटी एकोणचाळीस लाख

मंदा,

तुला जाऊन आज एकवीस दिवस झाले. मोजणं हे तुझं काम, पण आता ते माझ्याकडे आलं आहे. काल हुडकेश्वरला तुझ्या घरी जाऊन आले, आणि आल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. म्हणून लिहायला बसले. गेली दोन वर्षं तुला दिसेनासं झाल्यापासून कागदावरचं बरंचसं मीच तुला वाचून दाखवत होते, तर हेही तसंच वाचून दाखवते आहे असं समज. फक्त मध्ये बोलू नकोस. तुला मध्ये बोलायची फार खोड.

शोकसभा झाली. शाळेच्या सभागृहात तुझा फोटो ठेवला होता. त्यात तू चष्मा काढून उभी आहेस, म्हणजे फोटो काढणारा तुला दिसतसुद्धा नसणार. सगळे चांगलं बोलले. आदर्श शिक्षिका, हाडाची शिक्षिका, गणितासारखा रुक्ष विषय वगैरे. 'रुक्ष' म्हटल्याबरोबर मी सवयीने शेजारी पाहिलं, आता ही काय बोलते म्हणून. शेजारच्या खुर्चीवर कोणाची तरी पर्स ठेवलेली होती. माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठले, दोन वाक्यं बोलले आणि बसले. लोकांना वाटलं, जिवाभावाची मैत्रीण, कंठ दाटून आला असेल. पण जे सांगायला हवं होतं ते माइकवर सांगायची माझी हिंमत झाली नाही, हे खरं कारण.

तेच आता सांगायचं आहे. थेट मुद्द्यावर मला येता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. "मराठीवाल्यांले एक ओळ सांगाले तीन पानं लागतात," असं तू म्हणायचीस. लागू दे. आज मला घाई करू नकोस, जे सांगायचं आहे ते सांगताना माझाच हात मागे येतो आहे.

सव्वीस वर्षं आपण एका शाळेत शिकवलं. मी मराठी, तू गणित. आपले वर्ग शेजारी, मध्ये प्लायवूडची भिंत. मी इकडे कविता शिकवत असायची आणि तिकडून तुझा आवाज यायचा, "काहून वं, हातचा कुठं गेला? खाल्ला का?" माझ्या वर्गातल्या मुली कविता सोडून फिदीफिदी हसायच्या. मी आल्या आल्याच तुझा राग करायला लागले होते. शाळेत, फळ्यापुढे उभं राहून 'मले, तुले' बोलणारी बाई! मी महाल भागातल्या एका कारकुनाच्या घरात वाढलेली, आमच्याकडे अशुद्ध बोललं की वडील जेवताना ताटावरून उठवायचे. लग्न होऊन लकडगंजात आले, तिथे भोवती सगळी हिंदी, तरी मी माझं बोलणं सोडलं नाही. तुझं बोलणं थेट शेतातून आलेलं, आणि त्याची तुला कणभर लाज नव्हती.

पहिलं भांडण एका शब्दावरून झालं. तू फळ्यावर 'अभाज्य संख्या' लिहिलंस. मी मधल्या सुट्टीत तुला गाठलं. म्हटलं, पुस्तकात 'मूळ संख्या' आहे, तुम्ही हिंदी का शिकवता?

"मूळ म्हटलं की पोरी हसतात. मागच्या बाकावरून आवाज येते, बाई, मूळव्याध."

"म्हणून शब्दच बदलायचा?"

"अवं, जिले भाग जात नाही ते अभाज्य. नावातच सांगून ठेवलं न सगळं. मूळ मूळ म्हणजे काय?"

मी तावातावाने सांगितलं की मूळ म्हणजे जिच्यातून बाकीच्या निघतात. सहा कुठून निघाला, दोन आणि तीनमधून. दोन कुठून निघाला? कुठूनच नाही, तो मूळचाच. खरं सांगते मंदा, मला गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं, मी शब्दाच्या बळावर ठोकून दिलं. तू डबा उघडता उघडता थांबलीस. "माय वं, हे बी बरोबर आहे," म्हणालीस. दुसऱ्या दिवशी प्लायवूडच्या पलीकडून ऐकू आलं, "याचे दोन नावं आहेत, पोरींनो. दुसरं बाजूच्या बाईनं समजावलं." भांडणात हरल्यावर इतकं मोकळं हसणारं माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. मला ते कधी जमलं नाही. मला ते जमलं असतं तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

तुझी ती संख्या मला दाखवलीस तो दिवस अजून डोळ्यासमोर आहे. उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडली होती. तू शिक्षकांच्या खोलीतल्या टेबलावर खडूने लिहिलंस, ७,३९,३९,१३३. "वाच." मी वाचलं, सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. म्हणायलाच किती गोड, मी म्हटलं. "गोड सोड. ही मूळ आहे." माझ्यासाठी तू मूळ म्हणायचीस. मग अंगठ्याने शेवटचा तीन पुसलास. राहिले त्र्याहत्तर लाख त्र्याण्णव हजार नऊशे तेरा. "हे बी मूळ." पुन्हा अंगठा. सात लाख एकोणचाळीस हजार तीनशे एक्याण्णव. "हे बी." असं उजवीकडून एकेक अंक पुसत गेलीस, आणि दर वेळी जे उरेल त्याला कोणीच निःशेष भागू शकत नव्हतं. सातशे एकोणचाळीस. त्र्याहत्तर. शेवटी टेबलावर एकटा सात उरला. तोही मूळच.

"आता गंमत ऐक. हिच्या शेपटीले कोणता बी अंक जोड. एक जोड, तीन जोड, नऊ जोड. भाग जातेच. अन् असं पुसत जाता येणाऱ्या सगळ्या संख्यांत ही सगळ्यात मोठी. हिच्यापुढं रस्ता नाही."

मी विचारलं, कोणी शोधली? तू म्हणालीस, पुस्तकात वाचलं. आणि मग पिशवीतून जुन्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काढलास. पाठकोऱ्या बाजूंवर भागाकार, भागाकार आणि भागाकार. ती संख्या खरंच मूळ आहे हे पाहायला साडेआठ हजारांच्या थोडं पुढपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने तिला भागून पाहावं लागतं. हजाराच्या वर भागाकार. तू अख्खी सुट्टी ते करत बसली होतीस. मे अखेरच्या नवतपाच्या उन्हात लोक कैरीचं पन्हं पितात, झोपा काढतात. पुस्तकात दिलंय ना, मग कशाला, मी विचारलं.

"पुस्तकवाल्यानं मोजलं ते त्याचं. माझं मले नको का मोजाले?"

मला भरून आलं होतं. मी म्हटलं, मंदा, माणसाचंही असंच असतं बघ, एकेक माणूस सोडून जातं, एकेक गोष्ट हातातून जाते, तरी आत काहीतरी... पुढे बोलू दिलं नाहीस. खडू फेकून मारलास. "झालं सुरू! संख्येत माणूस नको घालू वं. ती कोणासाठी काही सोसून नाही राहिली. ती तशी आहे. बस." तेव्हापासून मी तुझ्यासमोर त्या संख्येचा कधी अलंकार केला नाही. आता तू नाहीस, आणि मोह फार होतो, सगळी आठवण त्या संख्येत बसवून टाकावी असा. बसवत नाही. तुझा शब्द राखते.

मग काही वर्षांनी दुसरीच्या पुस्तकात संख्या वाचायची नवी पद्धत आली. एकवीसला वीस-एक, एकोणचाळीसला तीस-नऊ. मी पेटले. मराठीच्या तोंडातले दात पाडायला निघाले आहेत, असं काहीबाही बोलले. मला वाटलं, तू तरी माझ्या बाजूने असशील. तू शांतपणे म्हणालीस, "चांगलं केलं."

"चांगलं?"

"लेकरं एकोणमध्ये फसतात, शैले. कानाले चाळीस ऐकू येते, हातानं चार लिहिला जाते. मंग एक कमी करा म्हणून आठवते तोवर उशीर होते. मी तीस वर्षं तेच लाल पेनानं खोडून राहिली."

तुझ्यामाझ्यात त्या गोष्टीवरून जे सुरू झालं ते निवृत्तीनंतरही संपलं नाही. मी वर्तमानपत्राला पत्र पाठवलं, ते छापून आलं. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे, कारण मला ते फार आवडलं होतं. 'मातृभाषेत वाढलेल्या कोणाही मराठी माणसाची एकोणचाळीसला गल्लत होत नाही.' कात्रण माझ्या वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलं. तुला फोनवर वाचून दाखवलं. तू म्हणालीस, "बाप्पा! सगळ्या मराठी माणसांचे पेपर तू तपासले का?" मी फोन ठेवून दिला. दोन दिवसांनी तूच केलास. नेहमी तूच करायचीस.

यानंतरचं सांगायला जड जातं आहे.

डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं वाढलं आणि तुझं लिहिणं-वाचणं बंद झालं. मागच्या मे महिन्यात तू म्हणालीस, शिक्षकांच्या मासिकासाठी लेख द्यायचा आहे, त्या संख्येवर, तू लिहून घे. मी आले. तुझ्या खोलीत कूलर धडधडत होता, मध्येच पाणी चढेनासं झालं की तू उठून त्याला थापड मारायचीस. तू खाटेवर मांडी घालून सांगत होतीस, मी वहीत उतरवत होते. "संख्या एकदाच देऊ. पुढं सगळीकडं 'आपली संख्या' लिही. अन् पुसल्यावर काय काय येते ते देऊ नको. लेकरांच्या हातून पुसू दे, त्यांचं त्यांले मोजू दे." मग संख्या सांगितलीस. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस.

मी सात लिहिला. कानाला चाळीस आलं, हाताने चार लिहिला, मग नऊ. पुढचा एकोणचाळीस बरोबर लिहिला. ७,४९,३९,१३३. माझ्या त्या मोत्यासारख्या अक्षरात. कूलरला दोष देता आला असता, पण मी आरामशिनींच्या आवाजात संसार केलेली बाई, लाकूड कापलं जात असताना शेजारच्या घरातलं बोलणं मला ऐकू येतं. मी नीट ऐकलं होतं. नंतर सगळा लेख तुला वाचून दाखवला, तेव्हाही तोंडाने एकोणचाळीसच म्हटलं, कारण कानात तेच बसलं होतं. कागदाकडे मी पाहिलंच नाही. तू मान हलवलीस, "पाठव."

अंक ऑगस्टमध्ये आला. तुझ्या वसंतरावांनी तुला वाचून दाखवला. भाऊजींचा जन्म बुटीबोरीच्या सूतगिरणीत गेला, त्यांनी समोर होतं तसं वाचलं, सात कोटी एकोणपन्नास लाख. तू म्हणालीस, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं. तू म्हणालीस, "थांबा. हिले तर तीननं भाग जाते." अंकांची बेरीज एकोणचाळीस होते, हे तू डोळ्यांनी न पाहता, श्वास घ्यायच्या आत केलंस. हे मी नंतर किती वेळा आठवलं असेन. ज्या बाईचं डोकं असं चालत होतं, तिला मी काय सांगितलं!

तुझा फोन आला. आवाजात राग नव्हता, उलट हसत होतीस. "शैले, तुझी वही पाहाय बरं. काय लिहिलं होतं?" मी वही काढली. उघडल्याबरोबर पुठ्ठ्यावरचं कात्रण दिसलं, मग पान उलटलं आणि चार दिसला. मला त्या क्षणी सगळं समजलं. तू सांगितलेलं तसंच्या तसं माझ्या कानात वाजत होतं. एक शब्द बोलायचा होता. "माझं चुकलं." तू खो खो हसली असतीस, पुढची दहा वर्षं मला चिडवलं असतंस, भेटेल त्याला सांगितलं असतंस की मराठीची बाई एकोणचाळीसला फसली. मला ते हसू नको होतं. बस, एवढंच. मी म्हटलं, "तू सांगितलंस तेच लिहिलंय."

"मी एकोणपन्नास म्हटलं?"

"हो."

मग तू हळू म्हणालीस, "अन् तू वाचून दाखवलं तवा बी मले बरोबरच वाटलं. म्हणजे तवा बी समजलं नाही मले."

मी तेव्हाही बोलले नाही.

मंदा, तुझी आई शेवटची चार वर्षं तुला ओळखत नव्हती. तुला 'मास्तरीणबाई' म्हणायची आणि विचारायची, माझी मंदा कुठं गेली? तू तिच्या केसांना तेल लावता लावता सांगायचीस, येते, शाळेत गेली आहे. एकदा मी बरोबर होते. बाहेर आल्यावर तू मला म्हणालीस, "मराले मी नाही भेत. असं व्हाले भेतो." तुझ्या तोंडून भीतीचा शब्द मी तेवढाच ऐकला. हे मला माहीत होतं. माहीत असून मी 'हो' म्हटलं. माझ्या मनात तुला दुखवायचं नव्हतं, मला फक्त जिंकायचं होतं. हे सांगून काही हलकं होत नाही, पण खरं आहे ते आहे.

मला वाटलं, दोन दिवसांत विसरशील. तू विसरली नाहीस. सकाळी चार मुली तुझ्याकडे गणित शिकायला यायच्या, त्यांचं येणं तू बंद केलंस. मी विचारलं तर म्हणालीस, "चुकीचं शिकवलं मी, अन् मलेच समजलं नाही, तर? त्यांची वर्षं जातील वं." पुस्तक लिहायचं ठरलं होतं, तो विषय काढला की दुसरंच बोलायचीस. मग डॉक्टरकडे गेलीस. त्यांनी स्मरणशक्ती तपासायला कागद देऊन घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. तुला कागद कुठे दिसत होता? काटे भलतीकडे गेले. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही वाटत नाही, वयाचं आहे. घरी येताना रिक्षात माझा हात धरून म्हणालीस, "आईच्या वेळी बी पहिले असंच म्हणत होते." मी तुझ्या शेजारी बसले होते, मंदा. मांडीला मांडी लावून. सक्करदरा चौक येईपर्यंत सांगायचं, असं ठरवलं. सक्करदरा गेला. मग म्हटलं, घर आल्यावर. घर आल्यावर भाऊजी दारात होते.

दिवाळीत चिवडा घेऊन आले तेव्हाही ठरवून आले होते. तू म्हणालीस, "तू आहे म्हणून बरं आहे शैले, माझ्या चुका तरी सांगशील." त्यावर काय बोलणार होते मी? पहिल्या दिवशी ती एक क्षुल्लक लबाडी होती. दिवाळीपर्यंत ती इतकी वाढली होती की ती सांगणं म्हणजे तुझे तीन महिने मी नासवले असं सांगणं होतं. संक्रांतीपर्यंत पाच महिने झाले. मी तुझ्या हातून तिळगूळ घेतला आणि गोड बोलले.

मग फेब्रुवारीत सकाळी भाऊजींचा फोन आला. तू आंघोळ करून आलीस, खाटेवर बसलीस, छातीला हात लावलास, झालं. मी आले तेव्हा तुझे केस ओले होते. बायका म्हणत होत्या, भाग्याचं मरण आलं, त्रास नाही. मी तुझ्या पायाशी बसून मनात एकच म्हणत होते, थोडं थांबायचं होतंस गं. कदाचित होळीला सांगितलं असतं. खोटं कशाला बोलू, कदाचित तेव्हाही नसतं सांगितलं.

तेरावं झाल्यावर मी मासिकाच्या कार्यालयात फोन केला. एक बाई होत्या, आवाजावरून तरुण वाटल्या. मी म्हटलं, मला शुद्धिपत्र द्यायचं आहे, ऑगस्टच्या अंकातल्या लेखाचं. त्या म्हणाल्या, ताई, सात महिने झाले, आता कोणाच्या लक्षात असेल? मी म्हटलं, माझ्या आहे. लिहून घ्या. लेखिकेने संख्या बरोबर सांगितली होती, चूक लेख उतरवून घेणारीची आहे, आणि तिचं नाव छापा. मग संख्या सांगू लागले. सात कोटी एकोणचाळीस लाख.

"एक मिनिट ताई, पुन्हा घोळ नको. म्हणजे तीस-नऊ ना?"

त्या दोनदा हॅलो, हॅलो म्हणाल्या. मग मी म्हटलं, "हो. तीस-नऊ. तसंच विचारत जा सगळ्यांना." तू ऐकायला हवं होतंस, मंदा. त्या वाक्यासाठी तू मला पार्टी मागितली असतीस.

आणि काल भाऊजींकडे गेले. शुद्धिपत्र छापून यायच्या आधी त्यांना माझ्या तोंडून कळावं म्हणून. ते तुझ्या खाटेसमोर खुर्ची टाकून बसले होते. मी बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. एकोणचाळीस, चार, कात्रण, फोन, सगळं. वाटलं, ओरडतील, घराबाहेर काढतील. काढायला हवं होतं. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "म्हणजे मंदानं बरोबर सांगितलं होतं?"

"हो, भाऊजी."

"तुम्हाले पक्कं आठवते?"

"पक्कं."

"रोज सकाळी चहाच्या आधी मी तिले पाढे विचारत होतो," ते म्हणाले. "तिनंच लावून दिलं होतं मले. एकोणतीसचा, सदतीसचा, कोणता बी. मले कुठं येतात, मी पुस्तक घेऊन बसो. एकदा बी चुकली नाही, ताई. सहा महिने. पाढा झाला की म्हणे, आज वाचली."

मी विचारू नये ते विचारलं. "त्या दिवशीही?"

"त्या दिवशी बी. त्रेचाळीसचा विचारला. पूर्ण म्हटला तिनं. आज वाचली म्हणाली अन् आंघोळीले गेली."

मला रडू आवरेना. ते रडत नव्हते. ते हिशेब लागत नसलेल्या माणसासारखे माझ्याकडे पाहत होते. "मंग तिले काहीच झालं नव्हतं."

"काहीच नाही, भाऊजी. तिचं डोकं पूर्ण शाबूत होतं."

"हे तिले कोण सांगन आता?" त्यांनी विचारलं. मला टोचायला नाही, खरंच विचारलं. आणि माझ्याकडे पाहत थांबले, मला उत्तर माहीत असल्यासारखे.

मी सांगते, मंदे. तू एकोणचाळीसच म्हटलं होतं. मी नीट ऐकलं होतं. चुकली मी वं, तू नाही.